बिंदुमाधव जोशी, ग्राहक पंचायत आणि आपला मोंढा

योगेश्वरी_नगरी (धागाकर्ती, अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी. २४ डिसेंबरला आमच्या वाचनालयात ग्राहक दिनाचा छोटा कार्यक्रम आहे. बोलायची पाळी यंदा माझ्यावर आलीय. दरवर्षी तेच ठरलेलं भाषण होतं: ‘वस्तू घेताना पावती मागा, एक्सपायरी बघा, जागो ग्राहक जागो’. मग चहा. या वेळी म्हटलं, हे ज्यानं आयुष्यभर केलं त्या माणसाबद्दल बोलावं. बिंदुमाधव जोशी. गल्लीत चार जणांना विचारलं तर एकानंही नाव ऐकलेलं नव्हतं. म्हणून हा धागा.

मला जे माहीत आहे ते थोडक्यात मांडते. जोशी पुण्याचे. तरुणपणी दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यात होते. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सोडवलं, त्या स्वयंसेवकांत जोशी होते आणि सुधीर फडकेही. आपण बाबूजींना गाण्यांमुळे ओळखतो, पण ही मैत्री बंदुकीच्या दिवसांतली आहे. पुढं तीच जोडी ग्राहक चळवळीत एकत्र दिसते.

१९७४ साली जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तीच पुढं अखिल भारतीय ग्राहक पंचायत. १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, तिथं बाबूजी पुढे होते. काळ आठवा. नुकताच ७२ चा दुष्काळ होऊन गेलेला. आपल्याकडं लोक खडी फोडायला जात होते, सुकडी खात होते, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापत होते. शहरात डालडा, रॉकेल, साखर यांच्या रांगा. माल गोदामात असायचा आणि दुकानात नसायचा. अशा वेळी मोर्चे पुष्कळ निघाले. जोशींनी मोर्च्याऐवजी खरेदी केली, हे मला फार वेगळं वाटतं. घरं एकत्र करायची, महिन्याची यादी आधी द्यायची, माल एकदम ठोक घ्यायचा, एका सभासदाच्या घरी उतरवायचा आणि सगळ्यांनी मिळून वाटून न्यायचा. मुंबईत हजारो कुटुंबं वर्षानुवर्षं असा किराणा भरत आली.

दुसरी गोष्ट त्यांच्या मांडणीची. शेतकरी, कामगार, कारखानदार, व्यापारी आणि ग्राहक हे अर्थव्यवस्थेचे पाच प्राण आहेत असं ते म्हणायचे. म्हणजे व्यापारी हा शत्रू नव्हे. पाचातला एक दुसऱ्याच्या जिवावर उठला की बिघडतं, एवढंच. लोक त्यांना ‘ग्राहकतीर्थ’ म्हणू लागले. मे २०१५ मध्ये ते गेले.

माझा प्रश्न असा: हे सगळं पुण्या-मुंबईचं झालं. आपल्या मराठवाड्यात ही चळवळ कुठवर पोचली? तुमच्या गावात कुणी असं काम केलं असेल तर लिहा. नावं नकोत, काम सांगा.

मोंढा_नाका (जालना)

ताई, लेख छान आहे. मी स्वतः किराण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळं मला पाचात धरल्याबद्दल जोशीसाहेबांचे आभार.

पण खरं सांगू का, ही यादीवाली खरेदी इथं चालणार नाही. कारण साधं आहे. मुंबईच्या माणसाचा पगार एक तारखेला होतो. त्याला महिन्याची यादी करता येते, पैसे आधी भरता येतात. आमच्या दुकानावर येणाऱ्या माणसाकडं पैसा येतो तो कापूस, सोयाबीन विकल्यावर. तोवर वही चालते. पोळ्याला उचल, दिवाळीला उचल, पोरीच्या बाळंतपणाला उचल. कोणती पंचायत उधार देते? दुकानदार देतो. म्हणून गिऱ्हाईक त्याच्यासमोर ‘काट्यावर शिक्का आहे का’ असं विचारू शकत नाही. ज्याच्या वहीत आपलं नाव आहे त्याच्याशी भांडता येत नसतं.

मी दुकानदारांची बाजू घेत नाही. उधारीवाल्याला भाव वेगळा लागतो हे मलाही माहीत आहे.

निवृत्त_मास्तर (सेलू, जि. परभणी)

मोंढा_नाका, तुम्ही फार महत्त्वाचं बोललात. तरी एक गोष्ट सांगतो, तुमच्याच मुद्द्याला जोडून.

आमच्या भागात माझ्याच पेशातले एक गृहस्थ होते. आता नाहीत. ताईंनी म्हटलंय म्हणून नाव घेत नाही, घेतलं असतं तर त्यांनाही आवडलं नसतं. त्यांची सुरुवात झाली रॉकेलच्या मापावरून. रेशन दुकानात लिटरचं माप तळाशी ठोकून आत घेतलेलं होतं. बाहेरून कळायचं नाही. मास्तरांनी प्रयोगशाळेतला मोजपात्राचा काचेचा नळा पिशवीत घातला, रांगेत उभे राहिले, स्वतःचं रॉकेल घेतलं आणि तिथंच ओट्यावर मोजलं. आरडाओरडा नाही. फक्त आकडा मोठ्यानं वाचला. रांगेतल्या बायांनी पुढचं काम केलं.

त्यानंतर लोक त्यांच्याकडं येऊ लागले. ८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला, जिल्ह्याला ग्राहक मंच झाले, तेव्हा त्यांनी कायद्याचं मराठी पुस्तक मिळवून ते अक्षरशः शिकवल्यासारखं वाचलं. संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात बसून तक्रारी लिहून द्यायचे. पैसा घेत नसत. अट एकच: पावती आणा, मग बोला. कच्च्या चिठ्ठीवर आलेल्याला परत पाठवायचे. लोकांना राग यायचा. म्हणायचे, मास्तर आमच्यापेक्षा दुकानदाराची काळजी जास्त करतात. पण त्यांचं म्हणणं असं, की कागद नसताना मी तुमच्यासाठी भांडलो तर मी हरेन, आणि मी हरलो की पुढचा माणूस येणारच नाही.

किंमतही मोजली त्यांनी. ज्यांच्या काट्यांबद्दल वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन निरीक्षकाला पत्र लिहिलं, त्यांचीच पोरं वर्गात. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारची पाटं रिकामी राहायची. बदली दोनदा झाली, दोन्ही वेळा आडगावाला. तिथंही तेच काम सुरू.

पंचायतीचे ते सभासद होते की नाही मला ठाऊक नाही. जोशींची पुस्तिका मात्र त्यांच्या पिशवीत असायची, कव्हर घातलेली.

माजलगाव_कालवा

मास्तर, वाचून बरं वाटलं बगा.

मला एक इचारायचं व्हतं. धाग्यात सगळं किराण्यावर चाललंय. आमचं मोठं गिऱ्हाईकपण बियाण्याचं असतं. किराण्यात फसलो तर शंभर-दोनशे जातील. बियाण्यात फसलो तर अख्खा हंगाम जातो. २०२० च्या खरिपात आमचं सोयाबीन उगवलंच नाय. शिवारच्या शिवार तसं व्हतं. दुकानदार म्हणला तुम्ही खोल पेरलं. कंपनीचा माणूस म्हणला पाऊस कमी असताना पेरलं. मंग शेजाऱ्यानं त्याच दिवशी, त्याच वलीवर, दुसरी बॅग पेरली ती कशी उगवली? उत्तर नाय कुणाकडं.

शेतकरी हा कायद्यानं ग्राहक असतो का? आमच्याकडं तर सांगितलं जातं की तू धंद्यासाठी बी घेतलंस, तू ग्राहक नाहीस.

विधिज्ञ_लातूर

माजलगाव भाऊ, असतो. हे शंभर टक्के असतो, आणि कुणी नाही म्हटलं तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल दाखवा. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी. आंध्रातल्या शेतकऱ्यांचं प्रकरण होतं. बीज निगमचं म्हणणं होतं की शेतकरी ग्राहक नाहीत, शिवाय त्यांनी बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून आणला नाही. न्यायालयानं दोन्ही फेटाळलं. शेतकरी सगळं बी पेरून टाकतो, तो नमुना कुठून जपून ठेवणार? त्याच लॉटचं बी कंपनीकडं असतंच की, तिनं तपासून दाखवावं.

‘धंद्यासाठी घेतलं’ हा मुद्दा तर सर्रास फेकतात. कायद्यात स्पष्ट आहे की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही. शेतीसाठीचा ट्रॅक्टर, स्वतः चालवायची जीप, घरची पिठाची गिरणी घेणारा ग्राहकच.

मात्र कामाची रीत सांभाळा. बी उगवलं नाही दिसलं की मोडून दुबार पेरणी करायच्या आधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पाहणी करते, तिच्यात कृषी विद्यापीठाचा शास्त्रज्ञही असतो. आपल्याकडं म्हणजे परभणीचं विद्यापीठ. त्या पंचनाम्यावर निम्मी केस उभी राहते. पक्कं बिल, रिकामी बॅग आणि तिच्यावरचा टॅग फेकू नका. टॅगवर लॉट नंबर असतो, तोच तुमचा साक्षीदार.

२०२० ला तक्रारी इतक्या आल्या की औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी पाऊस लागून बियाणं भिजलेलं होतं हे तेव्हा सगळ्यांनाच माहीत होतं. माहीत असूनही ते बॅगेत भरलं गेलं, ही खरी तक्रार.

माजलगाव_कालवा

टॅग तर पोरांनी खेळायला नेला व्हता साहेब. बॅगेत आता शेणखत भरतो.

पंचनामा झाला, समितीनं लिहून बी दिलं. पण पुढं ग्राहक आयोगात, म्हंजे पूर्वीच्या मंचात, कुणी गेलं नाय. गावातले सगळे म्हणले बियाण्याच्या दुकानाची उधारी आधी फेडा.

मोंढा_नाका

बघा, परत वहीच आली.

गोदाकाठची_सई (नांदेड)

मला या धाग्यात एक गोष्ट खटकतेय. चळवळ म्हटलं की एक पुरुष, त्याचा फोटो, त्याला पदवी. जोशींच्या कामाबद्दल आदर आहेच. पण १९६६ मध्ये, म्हणजे त्यांच्या आधी आठ वर्षं, मुंबईत नऊ गृहिणींनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली होती. लीला जोग त्यांतल्या एक. वस्तू तपासून बघणं, भेसळ ओळखणं, तक्रारींचा पाठपुरावा करणं हे काम त्या बायकांनी घर सांभाळून उभं केलं. ताई, भाषणात त्यांचंही नाव घ्या.

आणि दिल्लीचे एच. डी. शौरी. त्यांनी ‘कॉमन कॉज’ ही संस्था काढली. निवृत्तिवेतनात जुने-नवे असा भेद करता येणार नाही हा नकारा नावाच्या अर्जदाराच्या खटल्यातला १९८२ चा निकाल आला, त्या खटल्यात ही संस्था अर्जदार होती. मास्तर, तुमच्या पेन्शनीत त्या निकालाचा वाटा आहे. ग्राहक चळवळ म्हणजे फक्त तेल-साखर नाही.

निवृत्त_मास्तर

सई, हे मला ठाऊक होतं, पण असं जोडून कुणी दाखवलं नव्हतं. धन्यवाद, पोरी.

योगेश्वरी_नगरी

सई, नक्की घेते. फोटोही मिळाला तर बघते.

मला वाटतं इथं दोन वाटा दिसतायत. शौरींची वाट न्यायालयाची. एक खटला, लाखोंना फायदा. जोशींची वाट रोजच्या व्यवहाराची. निकालाची वाट न बघता आजच आपली खरेदी बदला. मला दुसरी जास्त आवडते. ती सोपी म्हणून नव्हे. तिच्यात दहा घरं एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकतात म्हणून. पण मोंढा_नाका म्हणतात तो उधारीचा पेच आहेच, आणि त्याचं उत्तर मला तरी पुण्याच्या अनुभवात सापडत नाही.

उगाच_एक (बीड)

मंडळी, सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो. कायद्यात लिहिलंय तीन महिन्यांत निकाल, माल तपासायचा असेल तर पाच महिन्यांत. तारखा बघितल्यात का कधी? माझ्या विम्याच्या प्रकरणात इतक्या तारखा पडल्या की आयोगातला शिपाई मला नावानं ओळखतो. मध्येच अध्यक्षांची जागा रिकामी, मध्येच सदस्य नाहीत. विमा कंपनीला काय, तिचा वकील पगारी. माझा दिवस बुडतो, एसटीचं भाडं जातं. ग्राहक राजा म्हणे! राजाला बसायला बाकडं नव्हतं तिथं.

विधिज्ञ_लातूर

उगाच_एक, तुमचा राग रास्त आहे. जागा रिकाम्या राहणं हा राज्यभरचा रोग आहे, आणि त्याचं खापर कायद्यावर फोडून उपयोग नाही.

तरी २०१९ चा नवा कायदा, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यानं काही गोष्टी सोप्या केल्या. पूर्वी विरुद्ध पक्षाच्या गावी किंवा व्यवहार जिथं झाला तिथं जावं लागे. आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. बीडच्या माणसानं मुंबईच्या कंपनीसाठी मुंबई गाठायची गरज नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ५० लाखांपर्यंतचं प्रकरण जिल्हा आयोगात चालतं. मुदत घटना घडल्यापासून २ वर्षं, ती चुकवू नका. वकील लावायची सक्ती नाही (हे लिहून मी माझ्याच पोटावर पाय देतोय).

आणि निकाल तुमच्या बाजूनं लागल्यावर कंपनीला राज्य आयोगात अपील करायचं तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. हे फार मोठं हत्यार आहे. तरीही आदेश पाळला नाही तर तुरुंगाची तरतूद आहे. कमीत कमी एक महिना, जास्तीत जास्त तीन वर्षं.

उगाच_एक

निम्मी भरावी लागते हे माहीत नव्हतं. माझा निकाल लागला की इथं येऊन लिहीन. तेव्हा धागा चालू असला तर.

देवणी_खिलार (उदगीर)

मी सहसा वाचते, लिहीत नाही. पण मोंढा_नाका दादांचं ‘इथं चालणार नाही’ वाचून राहवलं नाही.

आमच्या गल्लीतल्या बाया दरसाल तूरडाळ मिलवरूनच आणलालेत. पंचायत-बिंचायत कुणाला माहीत नाही. एकीनं सुरू केलं, तिचे मालक मिलमध्ये दिवाणजी होते. नवी तूर निघाली, डाळ भरडून आली की यादी होते. कुणाला अर्धा कट्टा, कुणाला पाव. टेम्पो ठरवायचा, डाळ एका वाड्यात उतरवायची, तिथंच काट्यावर वाटून घ्यायची. ज्वारी, गहूही तसंच, पण ते थेट शेतकऱ्याच्या खळ्यावरून. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, त्याला जो भाव मिळाला असता त्यापेक्षा वरचढ देतो, तरी आम्हाला दुकानापेक्षा स्वस्त पडतं. त्याची हमाली वाचते, तोलाई वाचते, वर मोंढ्यात वजनातून कडता म्हणून थोडा माल कापतात तोही वाचतो.

पैशाचं म्हणाल तर मुंबईवाल्यांना महिना सोयीचा, आपल्याला साल. आपण पहिल्यापासून वर्षाचं धान्य भरणारी माणसं. सुगीला हातात पैसा असतो, त्याच वेळी घेऊन टाकायचं. जिच्याकडं त्या वेळी नसतो तिचं बचत गटातून भरतो, ती हप्त्यानं फेडते. वही आमचीपण असते दादा, पण ती आमच्याच पेटीत राहते.

मोंढा_नाका

ताई, तुम्ही माझं गिऱ्हाईक पळवण्याची रीत जाहीर सांगितली. पण मानलं.

मी मुद्दाम विचारलं आज दुकानावर, असं कुणी करतं का म्हणून. दोघी हसल्या. म्हणाल्या, तुमच्याकडून फक्त साखर आणि तेल नेतो, बाकीचं कधी विचारलंत का? म्हणजे जालन्यातही चालू आहे आणि मला पत्ता नाही.

कडत्याचा विषय निघालाच आहे तर एक बोलतो. सकाळी जो माणूस मोंढ्यात सोयाबीनचं कट्टं आणतो तोच दुपारी त्याच बाजारात खत, तेल, पोरांचे कपडे घेतो. पुण्यात शेतकरी वेगळा आणि ग्राहक वेगळा. आपल्याकडं तो एकच. सकाळी त्याचा कडता कापला तर दुपारी तो गिऱ्हाईक म्हणूनही कमीच येतो. जोशींच्या पाच प्राणांतले दोन इथं एकाच सदऱ्यात फिरतात. त्यामुळं त्याला फक्त ‘पावती मागा’ सांगून भागत नाही, त्याच्या विक्रीच्या काट्याकडंही कुणीतरी बघायला हवं.

विधिज्ञ_लातूर

बरोबर. फक्त कायद्याची मेख लक्षात घ्या. विकताना तो ग्राहक नाही. त्यामुळं कडत्याची तक्रार ग्राहक आयोगात चालणार नाही, ती बाजार समितीकडं आणि सहकार खात्याच्या निबंधकाकडं. काट्यातच खोट असेल तर वैधमापन विभाग. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते, प्रमाणपत्र दिसेल असं लावलेलं असलं पाहिजे. ते विचारायला ग्राहक असायची गरज नाही.

शाहू_चौक (लातूर)

मध्येच घुसतो. मुलगी नीटच्या तयारीसाठी एका क्लासला घातली होती, दोन वर्षांची फी एकदम घेतली. तिला झेपलं नाही, पहिल्याच सहामाहीत काढली. उरलेली फी देत नाहीत. पावतीच्या मागं छापलंय ‘फी परत मिळणार नाही’. लातूरला हे घरोघरी आहे, पण ‘लातूर पॅटर्न’च्या नावापुढं कुणी बोलत नाही. क्लास शिक्षणसंस्था असते म्हणून ग्राहक कायदा लागत नाही असं ऐकलं. खरं आहे का?

विधिज्ञ_लातूर

कॉलेज, विद्यापीठाबाबत वाद आहे. क्लासबाबत राष्ट्रीय आयोगानं २०२० मध्ये मनू सोलंकी प्रकरणात म्हटलंय की कोचिंग क्लास म्हणजे शिक्षणसंस्था नव्हे, ते कायद्याच्या कक्षेत येतात. मागं छापलेल्या ओळीला घाबरू नका. एकतर्फी, अन्यायकारक करार हा नव्या कायद्यात तक्रारीचा स्वतंत्र विषय आहे. आधी क्लासला लेखी पत्र द्या, रजिस्टर पोस्टानं. सोबत १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंदवा. तेवढ्यानंही बऱ्याचदा तोडगा निघतो, नाही निघाला तर आयोग.

निवृत्त_मास्तर

शाहू_चौक, मुलगी आता काय करते ते आधी सांगा.

शाहू_चौक

बी.एस्सी. नर्सिंगला आहे मास्तर. मजेत आहे.

योगेश्वरी_नगरी

हे छान झालं. भाषणाचा आराखडा आता पार बदलला. जोशी, लीला जोग, शौरी थोडक्यात घेते. जास्त वेळ सेलूच्या मास्तरांना आणि उदगीरच्या डाळीला. देवणी_खिलार ताई, तुम्ही २४ ला अंबाजोगाईला येऊ शकाल का? भाषण नको, फक्त यादी कशी करता तेवढं सांगा. येण्याजाण्याचं आम्ही बघतो.

देवणी_खिलार

मला माईकवर बोलता येत नाही. जिनं सुरू केलं तिला घेऊन येते, ती थांबत नसते.

माजलगाव_कालवा

मी बी येतो. वकीलसाहेब, शेवटचं इचारतो. ह्या खरिपात बॅग, टॅग, बिल सगळं पत्र्याच्या पेटीत ठेवलंय. उद्या गरज पडली तर आयोगात अर्ज इंग्रजीतच लागतो का?

विधिज्ञ_लातूर

नाही. मराठीत लिहा, स्वतःच्या शब्दांत. काय घेतलं, कधी घेतलं, किती दिले, काय झालं, काय पाहिजे. साध्या कागदावर, सोबत झेरॉक्स आणि प्रतिज्ञापत्र. ऑनलाइन करायचं तर ‘ई-जागृती’ पोर्टल आहे, गावातल्या सेवा केंद्रावरून होतं. २४ ला मीही येतो, एक नमुना अर्ज घेऊन.